९.४ किलोमीटर रूळ, एक स्कॅनर आणि मुकादमांची दोरी: कामाच्या नोंदी

काम असं: एकेरी ब्रॉडगेज लाइन, लांबी ९.४ किलोमीटर. बहुतेक ठिकाणी ५२ किलोचे (मीटरला ५२ किलो वजनाचे) रूळ आणि लाकडी स्लीपर, गाड्या ताशी ३० ने रखडत जातात. आता ६० किलोचे रूळ, काँक्रीट स्लीपर, नवी खडी आणि ताशी ७५ चा वेग हवा आहे. आमच्या चौघांकडे मोजणी, मॉडेल, आणि शेवटी एक तक्ता: दर दहा मीटरला रूळ किती सरकवायचा, किती उचलायचा. नोंदी रोज संध्याकाळी लिहिल्या, मागाहून सुधारल्या नाहीत. चुका झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

दिवस १

यंत्रं गाडीतच ठेवली आणि पूर्ण लाइन पायी चाललो. गँगचे मुकादम बरोबर होते. चौथ्या किलोमीटरला म्हणाले, "साहेब, हा किलोमीटर लांब आहे." हसण्यावारी नेलं. परत येताना टेपने मोजला तर १,०१६ मीटर. पूर्वी कधीतरी वळणाची रेषा बदलली, लाइन लांबली, दगड मात्र जुन्या जागीच राहिले. पुढचा एक ९८७ मीटरचा निघाला. किलोमीटरच्या दगडांवरून अंतर धरायचं नाही, आपली साखळी (लाइनवरचं अंतर) शून्यापासून नवी मोजायची, आणि दगड मॉडेलमध्ये फक्त वस्तू म्हणून दाखवायचे, असं ठरवलं. हे पहिल्याच दिवशी कळलं ते नशीब.

दिवस २ ते ४

संदर्भाच्या खुंट्या. दर २५० मीटरला एक, खडीच्या पायथ्याबाहेर, काँक्रीटमध्ये. एकूण ३९. त्यातल्या पाचांवर उपग्रहाचं लांब निरीक्षण, मधल्यांना टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) जोडलं, उंची डिजिटल लेव्हलने जाऊन-येऊन. परत सुरुवातीला पोहोचल्यावर उंचीत ११ मिमी फरक आला, तो वाटून टाकला.

अंदाज दीड दिवसाचा होता, तीन गेले. त्यातला अर्धा दिवस माझ्या आळसाचा. पहिल्या किलोमीटरला खुंट्या ठोकण्याऐवजी रुळाच्या बाजूवर रंगाने खुणा केल्या. सकाळी घेतलेली खूण दुपारी जागेवर नव्हती. १३ मीटरचा मोकळा रूळ २५ अंशांनी तापला तर ३.७ मिमी वाढतो, आणि गाड्यांच्या ब्रेकने सरकतो तो वेगळाच. रूळ म्हणजे मोजायची वस्तू, त्यावरून मोजायचं नसतं. सगळ्या खुणा पुसल्या.

दिवस ५

एका बाजूच्या सगळ्या अंतरांत बरोबर ३० मिमीचा फरक. प्रिझम (टोटल स्टेशन ज्यावर नेम धरतं तो आरसा) बदलला होता, त्याचा स्थिरांक यंत्रात बदललाच नव्हता. फरक असा गोल, सारखा आणि हट्टी दिसला की यंत्राच्या सेटिंगकडे बघा, जमिनीकडे नको. दोन तास.

दिवस ६

जुन्या नकाशातल्या उंचीशी आमची उंची जुळेना, तीही थोडीथोडकी नाही, कित्येक मीटरांनी. उपग्रह देतो ती लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची, नकाशातली असते समुद्रसपाटीची. या दोहोंतला फरक जगभर साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर इतका पसरलेला आहे. ज्युनियरने विचारलं, "सर, मग सरसकट एक आकडा वजा करू?" नको. फरक लाइनच्या लांबीतही थोडाथोडा बदलतो. आमच्या लेव्हलच्या खुंट्या धरल्या, उपग्रहाची उंची फक्त ताळ्यासाठी ठेवली.

दिवस ७ आणि ८

ड्रोन. ६० मीटर उंचीवरून, पुढे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के फोटो एकमेकांवर. नकाशा सुंदर आला, इतका की लगेच सगळ्यांना दाखवला. मग खुंट्यांशी ताडून पाहिलं तर लाइनच्या मध्यावर जमीन १४ सेंटिमीटर फुगलेली. लांबट पट्टीवर सगळे फोटो सरळ खालीच पाहणारे असले की सॉफ्टवेअर लेन्सची वक्रता आणि जमिनीची वक्रता यांची गल्लत करतं. दुसऱ्या दिवशी तिरके फोटो घेतले, मध्ये जमिनीवरच्या खुणा वाढवल्या. फुगवटा ३ सेंटिमीटरवर आला. भराव, गटारं, पोहोचरस्ते यांना एवढं पुरतं. रुळाला अजिबात नाही, आणि ड्रोनकडून रूळ मोजून घ्यायचा विचार तेव्हाच सोडला.

गटारांची आणखी एक गंमत. मॉडेलमध्ये गटाराचा तळ सगळीकडे ३० सेंटिमीटर वर. तळ नव्हता तो, गवत होतं. आधी गवत कापायला हवं होतं.

दिवस ९ ते १३

लेझर स्कॅनर. रोज अडीच तासांचा ब्लॉक (तेवढा वेळ गाड्या बंद). दर २५ मीटरला मांडणी, मांडून-उचलून सहा मिनिटं, म्हणजे एका ब्लॉकमध्ये २५ मांडण्या, ६२५ मीटर. सगळी लाइन घ्यायची तर १५ ब्लॉक. हे गणित मी आधी केलं नव्हतं, पहिल्या ब्लॉकनंतर केलं. मग वळणं, कटिंग (टेकडी कापून काढलेली वाट), ओव्हरब्रिज (रुळावरून जाणारा कमानीचा पूल) आणि फलाट एवढंच स्कॅन करायचं ठरलं: २.९ किमी, पाच ब्लॉक. बाकीच्या ६.५ किलोमीटरला ट्रॅक ट्रॉली. ती रुळावरून ढकलत न्यायची, गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि कँट (एक रूळ दुसऱ्यापेक्षा किती उंच) ती स्वतः मोजते, वरचा प्रिझम टोटल स्टेशन बघतं. सावकाश काम, पण आकडा खात्रीचा. स्कॅन केलेल्या पट्ट्यांतही ट्रॉली एकदा फिरवून ठेवली, ताळ्याला असावी म्हणून.

दुपारी स्कॅन करू नका. तापलेल्या खडीवर हवा थरथरते आणि लांबचे बिंदू पोहतात. आम्ही पहाटेचा ब्लॉक मागून घेतला.

दिवस १४

लॅपटॉपने मान टाकली. पॉइंट क्लाउड (स्कॅनच्या बिंदूंचा ढग) अवजड म्हणून २ सेंटिमीटरच्या जाळीवर विरळ केला, तर रुळाचा आतला कडा, ज्यावर गेज मोजतात तोच, सरासरीत विरघळून गेला. गेज १,६७६ च्या जागी कुठेही, काहीही. रुळाच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा मीटर पट्टा आहे तसा ठेवला आणि बाकीचंच विरळ केलं.

दिवस १५ ते १९: कटिंग

या चार-पाच दिवसांचं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महाग चूक इथे झाली आणि ती पूर्णपणे माझी होती.

४१० मीटरचं सरळ कटिंग. दोन्ही बाजूंना तासलेला खडक, वर झुडपं. या तुकड्याची डागडुजी मध्यंतरी झालेली आहे: काँक्रीट स्लीपर, ६० किलोचे रूळ, किलोमीटरला १,६६० स्लीपर. घाईत मी खुणेचे काळे-पांढरे चौकटींचे फलक फक्त सुरुवातीला लावले आणि एक शेवटी. मधल्या मांडण्या सॉफ्टवेअर ढगाशी ढग जुळवून जोडेल, असा भरवसा. जोडल्या. सरासरी चूक ३ मिमी. मी खूश.

शेवटचा फलक मात्र जुळेना. सॉफ्टवेअरने तो लाल रंगात दाखवून सुचवलं, हा बिंदू वगळा. मला वाटलं वाऱ्याने हलला असेल. वगळला.

तीन दिवसांनी ओव्हरब्रिजचा ढग त्याला जोडायला घेतला तेव्हा खांबाची कड दुहेरी दिसली. एक आमच्या टोटल स्टेशनची, एक स्कॅनची. दोहोंत ६०२ मिमी. आकडा बघताच पोटात गोळा आला. १,००० भागिले १,६६०: ०.६०२ मीटर. बरोबर एक स्लीपर.

झालं होतं ते असं. सरळ कटिंगमध्ये लाइनच्या दिशेने ओळखू येईल असं काहीच नसतं. स्लीपर मात्र सगळे सारखे, सारख्या अंतरावर. अकरावी आणि बारावी मांडणी एकमेकांना एक स्लीपर पुढे जाऊन बसली, आणि तरी सगळं जुळल्यासारखं दिसलं, कारण स्लीपरवर स्लीपरच बसला होता. जवळ जाऊन पाहिलं. क्लिप, स्क्रू, स्लीपरच्या कडा, सगळं मिलिमीटरभर फरकात. फक्त फिशप्लेट (रुळांचा जोड धरणाऱ्या पट्ट्या) दोन दिसत होत्या. एकाच रुळाला ६० सेंटिमीटरच्या अंतरावर दोन जोड, तेही फिकट, एकात एक मिसळलेले. जोडाजवळचे स्लीपर जवळजवळ असतात, म्हणजे तेवढे जुळत नव्हते, पण बाकीच्या शेकडो स्लीपरांनी त्यांना बहुमताने हरवलं. खडकाच्या भिंतीही सरकल्या होत्या, पण त्यावर झुडपं हलत होती, म्हणून तिथली चूक सॉफ्टवेअरने वाऱ्याच्या खात्यावर घातली. फलक माझ्या हिशेबात वाऱ्याने हलला होता, भिंत सॉफ्टवेअरच्या हिशेबात.

वगळलेला तो फलक पहिल्यापासून खरं सांगत होता.

दुरुस्ती: एक जादा ब्लॉक, दर ७५ मीटरला तीन फलक, तेही वेगवेगळ्या उंचीवर आणि टोटल स्टेशनने मोजलेले. पुन्हा जोडणी. खर्च: स्कॅनरचं दोन दिवसांचं जादा भाडं, आमचे पाच दिवस, आणि ब्लॉक परत मागताना ऐकून घ्यावं लागलं ते.

दिवस २०

कटिंग निस्तरल्यावर उभ्या छेदात (लाइनच्या उंचीच्या आलेखात) नवं भूत. कटिंग सुरू होताना रूळ एकदम १६ मिमी खाली बसतो आणि संपताना पुन्हा वर येतो. उचलणीच्या तक्त्यात तो आकडा मी जवळजवळ घालणार होतो. ट्रॉलीच्या नोंदीत मात्र तिथे पायरीच नाही.

रुळाचा माथा घासून आरशासारखा झालेला असतो, लेझर तिरपा पडला की परत येत नाही. म्हणून मी पायाची उंची धरून त्यात रुळाची उंची मिळवत होतो, सगळीकडे १५६ मिमी. ही ५२ किलोची उंची झाली. कटिंगमध्ये ६० किलोचा रूळ आहे, त्याची १७२. फरक १६. शिवाय झीज, ती आमच्याकडे कुठे २ तर कुठे ५ मिमी. यापुढे माथ्याची उंची फक्त ट्रॉलीवरून, स्कॅन फक्त आजूबाजूचं दाखवायला.

दिवस २२

मॉडेलमधली लाइन ९,४००.० मीटर. ट्रॉलीचं चाक म्हणतं ९,४०४.६. तीन दिवस चाकाच्या झिजेला दोष देत होतो. मुकादमांना टेप धरायला लावून एक किलोमीटर मोजला. चाक खरं निघालं.

आमचे सहनिर्देशक यूटीएममध्ये (जग पट्ट्यांत वाटून सपाट करणाऱ्या नकाशाच्या जाळीत) होते. पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर त्याचं प्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे दर किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. लाइन त्या रेषेजवळच आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, त्या उंचीमुळे किलोमीटरला आणखी ९ सेंटिमीटर. दोन्ही मिळून ९.४ किलोमीटरला ४.६ मीटर. मागणीच्या यादीत जवळपास आठ स्लीपर गायब. आठ स्लीपरांचं काही नाही हो, पण मोरी आणि गेट साखळीवर चुकीच्या जागी बसली असती. सगळं प्रकल्पाच्या स्वतःच्या जाळीवर आणलं, गुणक १.०००४८८, आणि तो गुणक प्रत्येक नकाशावर छापला. हे दिवस २ लाच करायला हवं होतं.

अंदाज होता पूर्ण मोजणी १२ दिवसांत. आज २२ वा.

दिवस २३ आणि २४: वळण

ओव्हरब्रिजचं वळण, त्रिज्या अंदाजे ५०० मीटर. वेळ वाचवायला ज्युनियरने मध्यरेषेचे बिंदू उपग्रहाच्या रोव्हरने (हातात फिरवायच्या ग्राहकाने) घेतले होते, दर १० मीटरला. त्यावरून २० मीटरच्या जीवेची वर्साइन (जीवेच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर) काढली. सूत्र सोपं: जीवेचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या, म्हणजे ४०० भागिले ४,०००, १०० मिमी. आलेख करवतीसारखा: ८२, ११९, ९१, १२१. सॉफ्टवेअरने त्यावर सहा वेगवेगळी वळणं बसवून दिली.

मुकादम आलेख बघून म्हणाले, "एवढं वाकडं असतं तर गाडी उतरली असती." नायलॉनची दोरी काढली, दोन टोकं रुळाच्या आतल्या कडेला धरली, मध्ये पट्टी. ९७, १०३, ९९, १०६, ९४. चाळीस ठिकाणं, दीड तास.

रोव्हरचा बिंदू १० मिमी इकडे-तिकडे होणारच. वर्साइनमध्ये तीन बिंदूंची चूक एकत्र येते, ती होते साधारण १२ मिमी. १०० मध्ये १२ चा गोंगाट. बिंदूची जागा सेंटिमीटरभर चुकली तरी नकाशाला कळत नाही, चाकाला कळतं. ट्रॉली आणि टोटल स्टेशनने मोजलेलं दोरीशी ताडलं, ३ मिमीच्या आत आलं. नव्या वळणाची त्रिज्या ५०० कायम, सर्वांत जास्त सरकवणी ११० मिमी.

वळणाच्या संक्रमणाचं (सरळ लाइन वळणात शिरते त्या तुकड्याचं) गणित सॉफ्टवेअर क्लोथॉइड या वक्राने करतं, आम्हाला घनपरवलय हा वक्र हवा होता. त्यावर अर्धा दिवस डोकं फोडलं. ६० मीटर लांबी आणि ५०० त्रिज्येला दोहोंत फरक जेमतेम एक मिलिमीटर. सोडून दिलं.

दिवस २६: ओव्हरब्रिज

मॉडेलने पैसे वसूल करून दिले ते इथे. रूळ बदलल्याने १६ मिमी वाढ. लाकडी स्लीपर साधारण १३० मिमी जाड, काँक्रीटचा रुळाच्या जागी २१०, म्हणजे ८०. खडीचा थर २५० वरून ३००. रबरी पॅड धरून एकूण १५० मिमी. वेगळं काहीच केलं नाही तरी रूळ कमानीकडे अर्ध्या वितीहून जास्त सरकतो.

त्यात वळण. ताशी ७५ ला आणि ५०० त्रिज्येला संतुलित कँट (गाडीचा बाहेरचा रेटा पूर्ण झेलणारा) १५५ मिमी येतो, आम्ही ९० धरला होता. ९० च्या कँटला चार मीटर उंचीवर डबा आतल्या बाजूला २०६ मिमी झुकतो. बोगींमधलं अंतर १४.७८५ मीटर, म्हणून डब्याचा मध्य आणखी ५५ मिमी आत. हा सगळा आकार स्कॅनमधून फिरवला तर कमानीच्या आतल्या खांद्याला ३८ मिमी घुसतो. खांद्याचा एक दगड बाहेर आलेला आहे, जुन्या नकाशात तो नाही. स्कॅनमध्ये तो मुठीएवढा स्पष्ट दिसतो.

उपाय: १५० मिमी खाली खोदायचं, वळणाचा कँट ९० वरून ८० करायचा (संतुलित कँटपेक्षा तूट ७५ होते, चालते), आणि रूळ ४० मिमी बाहेर. कँटने २३ मिमी मिळाले. खोदण्याआधी पायाजवळ चाचणी खड्डा घेतला.

दिवस २७

खड्ड्यात १८० मिमीखाली खडी नाहीच, काळा चिखल. मॉडेलमध्ये वरून सगळं चकचकीत होतं. लेझरला वरचा थर दिसतो, बस्स. आता दर २०० मीटरला एक खड्डा आणि त्याची नोंद मॉडेलमध्ये. तिसऱ्या खड्ड्यात कुदळीखाली सिग्नलची केबल आली. कागदावर ती दुसऱ्या बाजूला आहे. मुकादमांनी कुदळ धरली म्हणून वाचली, आमच्यापैकी कोणी असता तर आज वेगळीच नोंद लिहीत असतो.

दिवस ३०

मॉडेल पुढचं काम करणाऱ्यांना पाठवलं, त्यांच्याकडे वळणाच्या जागी तुटक सरळ रेषा. आम्ही आयएफसीच्या (मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या फाइलची पद्धत) जुन्या आवृत्तीत निर्यात केलं होतं, तिला रेषेचं वळण समजतच नाही. ४.३ मध्ये रेल्वेची रचना आहे, २०२४ मध्ये ती आयएसओ मानकात आली. पुन्हा पाठवलं, आणि खबरदारी म्हणून दर १० मीटरचा साधा तक्ताही जोडला. त्यांनी तक्ताच वापरला, असं नंतर कळलं.

दिवस ३४

पहिला टॅम्पिंगचा ब्लॉक: मशीन रूळ उचलून-सरकवून खाली खडी ठोकतं. मशीन वीस मीटर गेलं आणि मुकादमांनी हात वर केला. रूळ उलट्या बाजूला चालला होता. आमच्या तक्त्यात डावीकडे धन, वाढत्या साखळीच्या दिशेने. मशीन उलट दिशेने तोंड करून उभं होतं. चिन्ह उलटवलं, वीस मीटर परत घेतले, पाऊण तास गेला. आता तक्त्याच्या प्रत्येक पानावर बाण आहे आणि "डावी/उजवी" ऐवजी "पुलाच्या आतल्या खांद्याकडे / बाहेर" असं लिहिलं आहे.

दिवस ३५

सकाळी वळणावर दोरी लावली. ९९, १००, १०२, ९८, १०१. ठिकाण ३१ वर १०७ आहे, तिथे उद्या पुन्हा मशीन. खुंटी १४ वर खडीच्या ट्रकचं चाक गेलं, ती आडवी पडली आहे. उद्याचा ब्लॉक सुरू व्हायच्या आधी १३ आणि १५ वरून परत बसवायची.